टिचकीचं डराव आणि गवती चहाची एक बशी

एक होतं तळं. तळ्यात होतं एक पान. पानावर होती एक बेडकी. केवढी? टिचकीएवढी. म्हणून तिचं नाव टिचकी.

टिचकी चालायची कशी? टुणुक टुणुक.

टिचकी बोलायची कशी? डराव डराव.

बेडकी एवढीशी, आणि डराव एवढं मोठं.

एक दिवस काय झालं, टिचकीला काठावर एक रिकामं मडकं सापडलं. तिने मडक्यात तोंड घातलं. म्हणाली, "डराव."

मडकं म्हणालं, "डराऽऽव."

टिचकीला गंमत वाटली. पुन्हा म्हणाली, "डराव."

मडकं म्हणालं, "डराऽऽव."

आई म्हणाली, "पुरे गं आता. घसा बसेल."

टिचकी म्हणाली, "एकदाच."

एकदाचं झालं दहादा. दहादाचं झालं शंभरदा. आणि मग टिचकीने तोंड उघडलं, तर आलं काय?

फुस्स.

टिचकीने पुन्हा तोंड उघडलं. फुस्स.

डराव गेलं. टिचकीने मडक्यात बघितलं. नव्हतं. पानाखाली बघितलं. नव्हतं. जिभेखाली बघितलं. तिथेही नव्हतं.

"आई, माझं डराव हरवलं," टिचकी कुजबुजली.

आईने टिचकीच्या पोटाला हात लावला. जीभ बघितली. पुन्हा पोटाला हात लावला. मग स्वतःशीच म्हणाली, "ते मडकं मीच पालथं घालून ठेवायला हवं होतं."

आता या तळ्यात एक रीत होती. दिवस मावळला की प्रत्येक आई विचारायची, "आहेस का?" आणि प्रत्येक पिल्लू आपापल्या पानावरून म्हणायचं, "डराव." तळं मोठं. पानं खूप. डराव आलं की आईला कळायचं, पिल्लू घरी आलं. डराव आलं नाही तर आई एकेक पान उलटून शोधत बसायची. मग कुठलं जेवण आणि कुठली झोप.

आईने उन्हाकडे बघितलं. ऊन वाडीतल्या कौलावर होतं.

"अनसामावशीकडे जा," आई म्हणाली. "तिच्या चुलीवर तीन किटल्या असतात. नाक वाहिलं तर सुंठीचा चहा. पोट दुखलं तर बडीशेपेचा. घसा बसला तर गवती चहाचा. पत्ती नको म्हणावं. तू लहान आहेस."

"बरं."

"फुंकून पी."

"बरं."

"आणि हे बघ. मावशीने 'घेणार का' विचारलं की लगेच हो म्हणायचं नाही. हावरट दिसतं. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं."

"आणि दुसऱ्यांदा नाही विचारलं तर?"

"विचारतात गं. सगळे विचारतात," आई म्हणाली. मग जरा थांबली. "बहुतेक."

आईला बरोबर जाता येत नव्हतं. धाकटी सतरा पिल्लं अजून शेपटीवाली होती. म्हणून टिचकी निघाली एकटीच. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

अनसामावशीची चूल पेटली होती. तीन किटल्या होत्या. बुडबुड बुडबुड बुडबुड.

टिचकीने तोंड उघडलं. फुस्स. मावशी म्हणाली, "ये गं टिचके. घसा बसला वाटतं. गवती चहाचा शेवटचा घोट उरलाय. घेणार का?"

टिचकीला चहा हवा होता. खूप हवा होता. पण ती शहाण्या आईची शहाणी मुलगी. म्हणाली, "नको."

आणि थांबली. आता मावशी दुसऱ्यांदा विचारणार.

मावशी म्हणाली, "बरं. मग मीच घेते." बशीत ओतला आणि प्यायली. फुर्रर्र.

बशी रिकामी. किटली रिकामी. टिचकीचं तोंड एवढंसं झालं.

"मावशी, तू दुसऱ्यांदा विचारलंच नाहीस," टिचकी कुजबुजली.

"मी एकदाच विचारते बाई," मावशी म्हणाली. "तीन किटल्या, एक मावशी. दोनदा विचारायला वेळ कुठे? हा सुंठीचा चाटून बघ."

टिचकीने सुंठीचा चहा चाटला. जीभ झाली लाल. टिचकी उडाली तीन हात वर. तोंड उघडलं. फुस्स.

"मग हा बडीशेपेचा चाटून बघ."

टिचकीने बडीशेपेचा चहा चाटला. गोड गोड. पोट झालं गार. डोळे झाले जड. टिचकीने जांभई दिली. तोंड उघडलं. फुस्स.

"मावशी मावशी, गवती चहाचाच कर ना. माझं डराव येईना."

मावशी म्हणाली, "करते की. पण पात संपली. मी चुलीपासून हलले तर बडीशेप उतू जाईल. तू पात आण, मग मी चहा करते."

टिचकी निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

कुंपणाजवळ होता गवती चहा. सळसळ सळसळ करायचा. आज मात्र गप्प.

टिचकी म्हणाली, "गवती चहा, गवती चहा,
मावशी चहा करीना,
माझं डराव येईना.
एक पात दे ना."

गवती चहा म्हणाला, "देतो की. पण शेळी माझ्यावर बसलीय. मला हलता येईना, श्वास घेता येईना. शेळी उठली, तर पात देतो."

टिचकीने वर बघितलं. खरंच की. शेळी बसली होती. ऐसपैस.

टिचकी म्हणाली, "शेळीताई, शेळीताई,
गवती चहा पात देईना,
मावशी चहा करीना,
माझं डराव येईना.
तू उठ ना."

शेळी म्हणाली, "बेंऽऽ. उठते की. पण माझ्या पाठीला खाज आलीय. मी उठले आणि खाज पडली कुठे, तर शोधायची कुणी? कावळ्याने पाठ खाजवली, तर उठते."

टिचकी निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

शेवग्यावर बसला होता कावळा. मान खाली. चोच बंद.

टिचकी म्हणाली, "कावळेदादा, कावळेदादा,
शेळी उठेना,
गवती चहा पात देईना,
मावशी चहा करीना,
माझं डराव येईना.
तू पाठ खाजव ना."

कावळा म्हणाला, "म्म. म्म म्म. म्मम्म."

म्हणजे काय? टिचकीने नीट बघितलं. कावळ्याच्या चोचीला चिकटला होता गूळ. इकडे गूळ, तिकडे गूळ. मावशीच्या डब्यातला गूळ. चोच उघडेना.

कावळ्याने एका पायाने चोच दाखवली. दुसऱ्या पायाने मुंगळ्यांची रांग दाखवली. दोन्ही पाय दाखवले आणि फांदीवरून पडता पडता राहिला.

टिचकीला कळलं. मुंगळ्यांनी गूळ खाल्ला, तर कावळा पाठ खाजवणार.

ऊन कौलावरून उतरलं. कुंपणावर आलं. टिचकी निघाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

मुंगळ्यांची रांग पायवाटेवर उभी होती. एकामागे एक, एकामागे एक. पुढे कुणी जाईना.

टिचकी म्हणाली, "मुंगळेदादा, मुंगळेदादा,
कावळा खाजवीना,
शेळी उठेना,
गवती चहा पात देईना,
मावशी चहा करीना,
माझं डराव येईना.
तू गूळ खा ना."

पहिला मुंगळा म्हणाला, "गूळ? खातो की. पण पुढे गोगलगाय बसलीय. वाट अडली."

"बाजूने जा ना."

"बाजूने?" मुंगळा म्हणाला. मागचा मुंगळा म्हणाला, "बाजूने?" त्याच्या मागचा म्हणाला, "बाजूने?" असं शेवटपर्यंत गेलं.

"आम्ही रांग सोडत नाही," पहिला मुंगळा म्हणाला. "गोगलगाय हलली, तर गूळ खातो."

रांगेच्या पुढे बसली होती गोगलगाय. बसली कसली, शंखात लपली होती. नुसता शंख दिसत होता.

टिचकी म्हणाली, "गोगलगायकाकू, गोगलगायकाकू,
मुंगळा गूळ खाईना,
कावळा खाजवीना,
शेळी उठेना,
गवती चहा पात देईना,
मावशी चहा करीना,
माझं डराव येईना.
तू हल ना."

शंखाच्या आतून आवाज आला, "हलते की. पण मला भीती वाटते. तो कोंबडा बघ. सकाळ झाली तरी ओरडतो. दुपार झाली तरी ओरडतो. कोंबडा गप्प बसला, तर हलते."

"कुकूऽऽच कू."

शंख आणखी आत गेला.

ऊन कुंपणावरून उतरलं. तळ्याच्या काठावर आलं. आता आई विचारणार. टिचकी निघाली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक.

उकिरड्यावर उभा होता कोंबडा. तुरा लाल. मान उंच. डोळे मिटलेले.

टिचकी कुजबुजली, "कोंबडेराव, कोंबडेराव..."

"कुकूऽऽच कू."

"कोंबडेराव, कोंबडेराव..."

"कुकूऽऽच कू."

शेवटी कोंबडा श्वास घ्यायला थांबला. टिचकी भराभर म्हणाली,
"गोगलगाय हलेना,
मुंगळा गूळ खाईना,
कावळा खाजवीना,
शेळी उठेना,
गवती चहा पात देईना,
मावशी चहा करीना,
माझं डराव येईना.
तुम्ही गप्प बसा ना."

कोंबडा म्हणाला, "मी? गप्प? मी या वाडीतला पहिला ओरडणारा. मला कुणी हरवलं, तर गप्प बसतो. चल, लाव पैज. ओरड."

टिचकीने तोंड उघडलं. फुस्स.

कोंबडा हसला. कुकुकुकु. हसता हसता उकिरड्यावरून घसरला.

टिचकी एकटी. ऊन चाललंय. जवळ काय आहे? एक फुस्स. नुसतं फुस्स.

टिचकीने फुस्सकडे जरा नीट बघितलं. आणि हळूच हसली.

"कोंबडेराव," टिचकी म्हणाली, "मोठ्याने तर कुणीही ओरडतं. हळू ओरडता येतं का तुम्हाला?"

"हळू? मला सगळं येतं."

"माझ्यापेक्षा हळू?"

"तुझ्यापेक्षा हळू. त्यात काय मोठंसं?"

टिचकी म्हणाली, "फुस्स."

कोंबडा म्हणाला, "कुकूच."

"मोठं झालं," टिचकी म्हणाली. "फुस्स."

कोंबडा म्हणाला, "कुकू."

"अजून मोठंच. फुस्स."

कोंबडा म्हणाला, "कु."

"जवळ आलात. पण अजून हळू."

कोंबड्याने गाल फुगवले. डोळे गरगरवले. एक पाय वर उचलला. आणि म्हणाला,

"..."

काही ऐकू आलं? नाही ना? टिचकीलाही नाही आलं.

"वा, कोंबडेराव," टिचकी कुजबुजली. "असंच. मी थांबा म्हणेपर्यंत असंच ओरडत राहा."

आणि काय सांगू,

कोंबडा गप्प बसला.
गोगलगाय हलली. सुळूऽऽक सुळूऽऽक.
वाट सुटली, मुंगळे निघाले. तुरुतुरु तुरुतुरु.
मुंगळ्यांनी गूळ खाल्ला. कुरुम कुरुम.
कावळ्याची चोच उघडली. काव.
कावळ्याने पाठ खाजवली. खर्र खर्र.
"डावीकडे," शेळी म्हणाली. "अजून डावीकडे. हां, तीच ती." आणि शेळी उठली. बेंऽऽ.
गवती चहाने श्वास घेतला. सळसळ सळसळ. आणि दिली एक पात. लांब, हिरवी, वासाची.

टिचकीने पात तोंडात धरली. पुढे टिचकी, टुणुक टुणुक. मागे शेळी. शेळीच्या पाठीवर कावळा. मागे मुंगळ्यांची रांग. सगळ्यांत मागे गोगलगाय. चहाला पोहोचायचं, म्हणून तिने घाई केली होती. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मावशीने पातीची गाठ बांधली. किटलीत टाकली. आलं ठेचलं. ठक ठक. टाकलं. गुळाचा डबा उघडला. डबा रिकामा.

"माझा गूळ कुठे गेला?" मावशी म्हणाली.

मुंगळ्यांनी एक खडा आणून ठेवला. मावशीने खड्याकडे बघितलं. खडा धुतला. मग कावळ्याकडे बघितलं. कावळ्याने आभाळाकडे बघितलं.

किटली बुडबुडली. बुडबुड बुडबुड. वास सुटला. लिंबासारखा, पण लिंबाचा नाही. गवतासारखा, पण गवताचा नाही. गवती चहाचा.

मावशीने बशी भरली. म्हणाली, "टिचके, घेणार का?"

सगळे थांबले. शेळीचा रवंथ थांबला. मुंगळ्यांची रांग थांबली.

टिचकीच्या मनात आईचं बोलणं आलं. पहिल्यांदा काय म्हणायचं?

"न..." टिचकी म्हणाली.

शेळीने डोळे मिटले. कावळ्याने पंखात तोंड लपवलं. गोगलगाय इतक्या लांबून आली होती, ती शंखात गेली.

टिचकीने तो न गिळला. गट्ट.

"हो," टिचकी म्हणाली. "हो, मावशी. घेणार. दोन बश्या."

"एवढं आधी म्हणाली असतीस," मावशी म्हणाली.

टिचकीने फुंकर घातली. फू फू. आणि प्यायली. फुर्रर्र.

आधी लागलं गरम. मग गोड. मग आल्याने घशात गुदगुल्या केल्या. मग सगळं मऊ मऊ झालं.

टिचकीने तोंड उघडलं. फुरा.

"येतंय, येतंय," मुंगळे म्हणाले.

दुसरी बशी. फुर्रर्र.

टिचकीने तोंड उघडलं. "डराऽऽऽव."

किटलीचं झाकण उडालं. शेळी खाली बसली. कावळा म्हणाला, "हे एवढं आत होतं?"

मावशी हसली. म्हणाली, "शेळे, तू घेणार का चहा?"

शेळी म्हणाली, "नको, नको. आत्ताच पाला झाला."

मावशीने किटली खाली ठेवली. शेळीचं तोंड एवढंसं झालं. टिचकीने ते तोंड बघितलं. असं तोंड तिला चांगलं ठाऊक होतं.

ती मावशीच्या कानाशी गेली. टुणुक. "मावशी, तिला दुसऱ्यांदा विचार."

"दुसऱ्यांदा?"

"एकदाच. माझ्यासाठी."

मावशी म्हणाली, "शेळे, खरंच नको?"

शेळी म्हणाली, "आता इतका आग्रह करतेस, तर दे थोडा." आणि पातेलंभर प्यायली.

मग कावळ्यालाही दोनदा विचारलं. गोगलगायीलाही दोनदा विचारलं. मुंगळ्यांनाही दोनदा विचारलं. मुंगळे पुष्कळ होते. मावशीला फार वेळ लागला.

इकडे ऊन तळ्यात उतरलं आणि विझलं. टिचकी निघाली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक. उडी मारून पानावर बसली, तेवढ्यात आईचा आवाज आला. जरा कापरा आवाज.

"आहेस का?"

टिचकीने पोट फुगवलं. "डराव."

मग आई म्हणाली, "आहेस का?"

"डराव."

"आहेस का?"

"आई, मी आहे. तू तीनदा विचारलंस."

"हो गं. मी दोनदाच विचारणार होते," आई म्हणाली. आणि जेवायला बसली.

मग टिचकीने आईला सगळं सांगितलं. नको कसं म्हणाली आणि चहा कसा गेला. आई घास हातात धरून विचार करत बसली.

"म्हणजे मी अर्धंच शिकवलं," आई म्हणाली. "हवं असेल तर हो म्हणत जा."

"आणि हावरट दिसलं तर?"

"दिसू दे थोडं."

टिचकी निजली. आईही निजली. शेपटीवाली सतराही निजली. सगळी वाडी निजली, चहा पिऊन.

सकाळ झाली. ऊन कौलावर आलं. ऊन कुंपणावर आलं. तरी वाडी निजलेलीच. अनसामावशी उठेना. शेळी उठेना. कुणीच उठेना. असं कसं झालं?

उकिरड्यावर उभा होता कोंबडा. गाल फुगवून. डोळे गरगरवून. एक पाय वर. आणि जोर लावून ओरडत होता,

"..."

टिचकी त्याला थांबा म्हणायचं विसरली होती.

चूल विझली, किटली उपडी, बशी पालथी, माझी गोष्ट झाली. आणखी एकदा ऐकणार का? नको म्हणालात, तर मी दुसऱ्यांदा विचारीन.